मुलीच्या शेल्फवरची 'समर रोमान्स' पुस्तकं वाचणारं अजून कोणी आहे का? (माझं वय ४६)

कैरीपन्हं
धागा काढू का नको असं आठवडाभर चाललं होतं, शेवटी काढलाच. विषय जरा पोरकट आहे, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

लेक पंधराची. आम्ही न्यू जर्सीत. शाळा संपायला अजून आठवडा आहे पण बाईसाहेबांची सुट्टी मनाने कधीच सुरू झालीये. परवा तिच्या खोलीतला कपड्यांचा डोंगर उपसताना तळाशी जेनी हानचं 'द समर आय टर्न्ड प्रिटी' सापडलं. हो तेच, ज्यावर प्राइमची मालिका आली. मागचा मजकूर वाचावा म्हणून उचललं आणि मळके कपडे मांडीवर घेऊन कॉटच्या कडेला बसल्या बसल्या सव्वाशे पानं वाचून झाली. खाली डाळ करपली. नवरा वर येऊन विचारतोय काय झालं, मी म्हटलं काही नाही, कपडे वेगळे करतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लॉरेल आणि सुझॅना या जुन्या मैत्रिणी. दर उन्हाळ्यात लॉरेल आपल्या पोरांना घेऊन सुझॅनाच्या समुद्राकाठच्या घरी राहायला जाते. लॉरेलची मुलगी बेली, सुझॅनाचे दोन मुलगे, थोरला कॉनरॅड आणि धाकटा जेरेमाया. बेलीला सोळावं लागायचं असतं त्या उन्हाळ्यात सगळं बदलतं, म्हणजे इतकी वर्षं जिला लिंबूटिंबू म्हणून खेळायलाही घेत नव्हते तिच्याकडे आता दोघंही बघायला लागतात. २००९, २०१० आणि २०११ अशी लागोपाठ तीन पुस्तकं. कथा म्हणाल तर एवढीच.

आता माझी अडचण. मला ती दोन्ही पोरं सारखीच वैतागवाणी वाटली. एक तोंड पाडून बसतो, दुसरा सारखा लाडात येतो. माझं सगळं लक्ष दोन आयांकडे. सुझॅनाचा कॅन्सर उलटलाय आणि तरी ती पोरांचा उन्हाळा नेहमीसारखा पार पडावा म्हणून धडपडतेय, आणि लॉरेल ते सगळं बघत तिच्या शेजारी बसून आहे. त्या दोघींचं पान आलं की मी सावकाश वाचत होते, मुलांचं आलं की भराभर.

लेकीने विचारलं "टीम कॉनरॅड की टीम जेरेमाया?" म्हटलं "टीम लॉरेल". तिने माझ्याकडे असं बघितलं की मी आइस्क्रीमच्या दुकानात जाऊन वरणभात मागितलाय.

तर प्रश्न असा की मोठेपणी ही पुस्तकं वाचताना तुम्हाला काय दिसतं? पोरगं का आई? का वाचूच नयेत या वयात?

सोनचाफा
अगं मी! मी पण! लपून वाचते. किंडलचा हा एक फायदा, मुखपृष्ठ दिसत नाही. लोकलमध्ये शेजारच्या बाईला वाटतं काहीतरी गंभीर चाललंय.

चहाटळ
स्पॉयलर!! कॅन्सरचं सांगून टाकलंत की.

कैरीपन्हं
चहाटळ, पुस्तक २००९ चं आहे हो. सतरा वर्षांत नाही वाचलंत ते आज रात्री वाचणार होतात का?

चहाटळ
वाचलंही असतं. तुम्हाला काय माहीत.

टोणगा
स्पष्ट बोलतो, राग नसावा. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांची पुस्तकं वाचावीत. सोळा वर्षांच्या पोरीला कोण आवडतं हा प्रश्न चाळिशीनंतर पडू नये. २०१४ साली 'स्लेट' नावाच्या अमेरिकन वेबसाइटवर एका बाईंनी नेमका हाच लेख लिहिला होता, की किशोरांसाठी लिहिलेली पुस्तकं वाचताना मोठ्यांना लाज वाटली पाहिजे. तेव्हा लोक त्यांच्यावर तुटून पडले होते पण मला त्यात तथ्य वाटलं होतं. या पुस्तकांत शेवट गोड किंवा शेवट रडका, मधलं काही नसतं.

ग्रंथपालीण
टोणगाभाऊ, मी इथे अमेरिकेत एका सार्वजनिक वाचनालयात काम करते, किशोर विभाग माझ्याकडेच आहे. तुमच्या त्या लेखाच्या आधी, २०१२ मध्ये, बावकर नावाच्या संस्थेचा सर्व्हे आला होता. किशोरांसाठीची पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठराच्या वरचे, आणि त्यात सगळ्यात मोठा गट तीस ते चव्वेचाळीस वयाचा. पोरांसाठी घेत असतील म्हणाल तर तसंही नाही, बहुतेक जण स्वतः वाचायलाच घेत होते. तेव्हा लाज वाटायची तर फार मोठ्या घोळक्यात वाटेल.

माझ्या काउंटरवर रोजचा सीन: बाई चाळिशीची, हातात समुद्र आणि दोन जोड्या अनवाणी पाय असलेलं मुखपृष्ठ, आणि न विचारता म्हणते "मुलीसाठी आहे". मी पण मान डोलावते. व्यवसायाचा धर्म.

टोणगा
बहुमताने लाज जात नाही.

चहाटळ
टोणगा यांचं हे वाक्य निवडणूक आयोगाला पाठवावं.

आजोळ_देवरुख
मी एकाच गोष्टीवर अडकलोय. त्या पुस्तकात गावाचं नाव 'कझिन्स' आहे ना? कझिन्स बीच? हे तर आमच्याच सुट्टीचं वर्णन झालं. मामाकडे मे महिन्यात तेवीस जण, एका ओळीत गाद्या, एक टेबल फॅन तो पण मान फिरवणारा, आणि झाडून सगळे कझिन्स. रोमान्स करणार कोणाशी?

पाटलीणबाई
तुमच्याकडे चालत नसेल. आमच्याकडे मामाची पोरगी हक्काची. माझ्या आजीचं लग्न आतेभावाशीच झालेलं. त्यामुळे सुट्टीत आत्याचा मुलगा आला रे आला की सगळ्या बहिणी मला चिडवायच्या, मामी त्याच्या ताटात दोन पोळ्या जास्त वाढायची, आणि तो बिचारा खाली मान घालून आमरस चाटायचा. प्रेम व्हायच्या आतच वैताग यायचा. घरच्यांनी परवानगी दिली की त्यात मजा राहत नाही हो.

आजोळ_देवरुख
:))) पुढे काय झालं त्याचं?

पाटलीणबाई
काय होणार. आमच्या पोरांचा आत्याकाका आहे तो, म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा. जग छोटं आहे.

मडगांवकार
हा धागा वाचून गंमत वाटते. मी समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर वाढलोय. आमच्याकडे उन्हाळ्यात किनाऱ्यावर पर्यटक प्रेमात पडतात आणि आम्ही कोकमाचं आगळ गाळतो, सोलां वाळत घालतो, पावसाच्या आधी घर शाकारायचं त्याचं टेन्शन घेतो. समुद्र म्हणजे आमच्या दृष्टीने नुस्तें, म्हणजे मासळी. अमेरिकेत ज्या महिन्यांत ही पुस्तकं घडतात, जून ते ऑगस्ट, त्याच महिन्यांत आमचा समुद्र खवळलेला. १ जून ते ३१ जुलै मासेमारीसुद्धा बंद. त्या दिवसांत कोणी पाण्यात उतरलं तर ते प्रेमात नाही, प्यायलेलं असतं.

सोनचाफा
मडगांवकार, किती बरोबर बोललात! मला कधीपासून हे मांडायचं होतं. आपला रोमान्सचा सीझन उन्हाळा नाहीच. आपला पाऊस. आणि पावसात शाळा-कॉलेज सुरू असतं. एक छत्री दोघांत, बसस्टॉपवर उभं, दप्तर पोटाशी धरून. उन्हाळ्यात काय असतं, घामोळ्या. घामोळ्यांत कोणाला प्रेम सुचलंय.

त्यांच्याकडे उलटं आहे. वर्षभर शाळा, थंडी, अंधार, आणि मग एकदम दहा आठवडे मोकळं रान, रात्री साडेआठपर्यंत उजेड. म्हणून ते दहा आठवडे एवढे डोक्यावर घेतलेत.

शाईपेन
याच्यात अजून एक भर. आपल्याकडे सुट्टी म्हणजे भेट नसते, ताटातूट असते. शेवटचा पेपर (बहुतेक वेळा चित्रकला किंवा कार्यानुभव) संपला की ती दोन महिने दिसणार नाही. फोन नाही. तिच्या घरावरून सायकल नेली तर दार बंद, सगळे गावाला. मग आशा कशावर, तर निकालावर. निकालाच्या दिवशी ती येणार, आपण इस्त्रीचा शर्ट घालून जायचं. मिलिंद बोकिलांचं 'शाळा' आठवा, तिथेही सगळी धडपड वर्गात, क्लासला जाताना, आणि वर्ष संपतं तिथे हातातून निसटतं. म्हणजे अमेरिकन पोरांचं प्रेम जूनला सुरू होऊन सप्टेंबरला तुटतं आणि आपलं जूनला सुरू होऊन एप्रिलला. टिकाऊपणात आपण पुढे.

निर्मळ_निंदक
निकालाच्या दिवशी ती पहिली आणि आपण एटीकेटी. तुटायचं कारण तेही असतं.

मेलबर्नची_मावशी
आमच्याकडे समर रोमान्स नाताळात होतो आणि जानेवारी संपता संपता शाळा उघडते. चाळीस अंश, माश्या आणि सनस्क्रीनचा वास. ही पुस्तकं इथेही वाचतात, पण मुलीला समजावून सांगावं लागलं की त्यांचा ऑगस्ट म्हणजे आपला स्वेटरवाला ऑगस्ट नव्हे.

नुसताचबाप
मूळ प्रश्नाकडे येतो. मी वाचलंय, कारण मुलगी तेराची आहे आणि ती काय वाचते ते मला माहीत असावं असं वाटतं. माझा आक्षेप नावापासूनच सुरू होतो. 'ज्या उन्हाळ्यात मी सुंदर झाले.' झाले म्हणजे? कोणाच्या नजरेने? काल ती चष्मेवाली चिल्लर, आज ती दिसते, म्हणून आज ती माणूस. मुलीला वाचायला आवडतं, कसल्या तरी स्पर्धेत भाग घेते, पोहते, असलं काही तिच्यात असेल तर ते मला दिसलंच नाही, सगळा वेळ याने बघितलं का, त्याने बघितलं का. हे मी तेराव्या वर्षी तिच्या हातात आनंदाने द्यायचं?

ग्रंथपालीण
पोहते हो ती. पण तुमचा मुद्दा कळला. बंदी मात्र घालू नका, बंदी घातलेलं पुस्तक माझ्याकडे येऊन दोनदा रिन्यू करून नेतात. स्वानुभव.

केवड्याचं_पान
नुसताचबाप, तुमचं पटतं आणि नाही पण पटत. जरा लांबण लावते, माफ करा.

मी चौदाची होते तेव्हाची सुट्टी. सावंतवाडीजवळ आजीकडे. त्याच्या आधीच्या मे महिन्यात मी भावंडांबरोबर नदीवर जात होते, झाडावर चढून कैऱ्या पाडत होते, दुपारी ओट्यावर पत्ते. पुढच्या मे महिन्यात पोचले त्याच संध्याकाळी ओट्यावर बसले तर मोठ्या मावशीने आत बोलावलं. काय झालं? काही नाही, आत बस. नदीवर जायचं तर बरोबर आजी. सायकल मामेभावाला दिली, म्हणजे माझीच, मला आणलेली. कोणी सुंदर बिंदर म्हटलं नाही हो. "आता मोठी झालीस" एवढंच. सगळ्यांना काहीतरी दिसलं होतं, मला सोडून. आणि जे दिसलं होतं त्याची शिक्षा मला होती.

हे पुस्तक मी पस्तिशीत वाचलं, भाचीचं. त्यात अगदी तीच गोष्ट होते की, एका उन्हाळ्यातून दुसऱ्या उन्हाळ्यात जाताना लोकांची नजर बदलते. फक्त तिथे त्या पोरीला ती बदललेली नजर आवडायची मुभा आहे. ती त्या नजरेत उभी राहते, जरा फुशारते, चुकतेही. तिला कोणी आत बोलावत नाही. नाव बावळट आहे हे कबूल. पण मी ते पुस्तक वाचून रडले ते कॉनरॅडसाठी नाही, सायकलसाठी.

पाटलीणबाई
केवड्या, काय लिहिलंस बाई.

आजोळ_देवरुख
आमच्या घरातही एका बहिणीला असंच आत बोलावलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं तिलाच खेळायचा कंटाळा आला. आज हे वाचून फोन केला तिला. विषय काढला नाही, असंच बोललो.

नुसताचबाप
केवड्याचं पान, या बाजूने मी विचारच केला नव्हता. माझा नावावरचा आक्षेप कायम, पण पुस्तक कपाटातून काढणार नाही.

टोणगा
धागा गंभीर झाला. कोणीतरी सांगा, 'समर रोमान्स'ला मराठी शब्द काय?

शाईपेन
ग्रीष्मप्रणय.

चहाटळ
हे ऐकून पोरगं डिहायड्रेशनने जाईल.

निर्मळ_निंदक
आमच्या गावात त्याला 'मे महिन्यातलं लफडं' म्हणत आणि ते कायम दुसऱ्याच्या घरात होई.

जर्सीकर_बंड्या
आता आम्ही दरवर्षी जे करतो ते सांगतो म्हणजे त्या पुस्तकांमधली हवा निघेल. आम्ही चार मराठी कुटुंबं मिळून इथल्या शोअरवर एक आठवडा घर भाड्याने घेतो. शनिवार ते शनिवार, मधल्या वारी मिळत नाही. चादरी टॉवेल आपले न्यायचे. आठवड्याचं भाडं ऐकलं तर पुण्यात एक चांगला गणपती बसेल. वर बऱ्याच गावांत वाळूवर पाय ठेवायला बॅज विकत घ्यावे लागतात, माणशी एक. समुद्राला तिकीट, आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही.

सतरा माणसं, तीन कुकर, पहिल्या दिवशी पोहे, दुसऱ्या दिवशी उपमा, तिसऱ्या दिवशी कोण करणार यावरून शीतयुद्ध. वाळू बाथरूममध्ये, वाळू गादीत, वाळू साबुदाण्यात. त्या पुस्तकांत वाळू कोण झाडतं हे एकदा तरी सांगितलंय का? भांडी कोण घासतं? पोरं चार, सगळी चौदा ते सतरा, आठवडाभर समुद्राकडे पाठ करून फोनमध्ये. एकाच मुलीने लाइफगार्डकडे दोनदा बघितलं तर तिच्या आईने त्याच्याकडे चारदा बघितलं.

आणि मूळ गोष्ट, ही सगळी पुस्तकं गृहीत धरतात की समुद्राकाठी कोणाचं तरी स्वतःचं घर असतं आणि ते जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिकामंच असतं. ते घर ज्याचं, त्याचंच प्रेम. बाकीची सोळा वर्षांची पोरं त्याच गावात आइस्क्रीम विकत असतात.

ग्रंथपालीण
बंड्या, आइस्क्रीम विकणाऱ्यांचीही आहेत की! या सगळ्या प्रकाराची आजी म्हणावी असं पुस्तक म्हणजे मॉरीन डेलीचं 'सेव्हन्टीन्थ समर', १९४२ चं. तिथे समुद्र नाही, विस्कॉन्सिनमधलं फाँ दु लाक नावाचं गाव, तळ्याकाठचं. मुलगा बेकरीवाल्याचा, घरच्या बेकरीचा ट्रक चालवणारा. बंगला नाही, काही नाही. जूनमध्ये भेटतात आणि उन्हाळा संपताना ती ट्रेनमध्ये बसून शिकागोला कॉलेजला जाते. लेखिका स्वतः तेव्हा कॉलेजातच होती, पुस्तक आलं तेव्हा जेमतेम एकवीस. ऐंशीच्या वर वर्षं झाली, पण साचा बघा, तोच आहे: सुट्टीची पहिली तारीख ठरलेली, शेवटची पण ठरलेली.

आणि न्यू जर्सीकरांसाठी खास, ज्युडी ब्लूमचं १९७५ चं 'फॉरेव्हर' तुमच्याच राज्यात घडतं. त्यात तर उन्हाळा प्रेम जुळवत नाही, मोडतो. दोघांनी जन्मभराच्या आणाभाका घेतलेल्या, मग ती उन्हाळी कॅम्पवर टेनिस शिकवायला जाते आणि तिथे दुसराच आवडायला लागतो. कोणी खलनायक नाही, पोरगी नुसती बदलते. अनेक शाळांच्या वाचनालयांतून हे पुस्तक काढून टाकलं गेलं होतं. टोणगाभाऊ, मधलं काही नसतं म्हणालात ना, हे वाचा.

टोणगा
नोंद घेतली. मुलीसाठी मागवतो.

सोनचाफा
टोणगा, तुम्हाला मुलगी आहे?

टोणगा
दोन मुलगे.

चहाटळ
हाहाहाहा. स्वागत आहे.

भाबडा_प्रश्न
माझी मुलगी अकराची आहे. हे तीन भागवालं तिला चालेल का? मैत्रिणींनी सगळ्यांनी वाचलंय म्हणते.

ग्रंथपालीण
किशोर विभाग साधारण बारापासून अठरापर्यंतचा असतो आणि त्यात बारा आणि अठरा यांच्यामध्ये खूप अंतर आहे. या तीनमध्ये पार्ट्या, दारू, एक मरण, आणि तिसऱ्या भागात कॉलेजातल्या पोरांनी लग्नाचा घाट घातलाय. अकराला घाई होईल असं मला वाटतं. सगळ्यांनी वाचलंय म्हणते म्हणजे एकीने वाचलंय आणि बाकीच्यांनी मालिकेच्या क्लिप बघितल्यात.

केवड्याचं_पान
तिसऱ्या भागातलं ते लग्न! मला तिथेही लॉरेलच दिसली. मुलगी येऊन सांगते मी लग्न करतेय आणि आई सरळ नाही म्हणते. आपल्याकडच्या आया एवढ्या वयाच्या पोरीला 'स्थळ बघायला लागू' म्हणायच्या, आणि ती अमेरिकन आई अडून बसलीये.

मेलबर्नची_मावशी
जाता जाता सांगते, मालिकेत लॉरेल कोरियन-अमेरिकन दाखवलीये, पुस्तकात तसं नाही. आमच्या घरी त्याचा फार फरक पडला. माझी मुलगी म्हणाली, निदान हिच्या घरी चप्पल काढून येत असतील.

कैरीपन्हं
दोन दिवस धाग्यावर येता आलं नाही, इकडे एवढं रामायण! सगळ्यांना वाचतेय. केवड्या, तुझी पोस्ट लेकीला भाषांतर करून वाचून दाखवली. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "डिड शी गेट द बाइक बॅक?" मिळाली का गं?

आणि मी तिला सरळच विचारलं, तुला या पुस्तकात नेमकं काय आवडतं, तो कॉनरॅड का? तर म्हणते नाही. म्हणे त्यात कोणाला कुठे सोडायला-आणायला जावं लागत नाही. सगळं चालत किंवा सायकलने. आणि कोणाची आई "पोचलीस की मेसेज कर" म्हणत नाही. तिचे आतापर्यंतचे उन्हाळे मोजले तर अर्धे ठाण्याला माझ्या आईकडे गेले, तिसऱ्या मजल्यावर, जूनचा पाऊस, खिडकीला ग्रिल, आणि बाहेर पडायचं तर बरोबर आजोबा. उरलेले अर्धे गणिताच्या क्लासला, गाडीत मागच्या सीटवर. मला समुद्र दिसत होता, पोरगं दिसत होतं, आई दिसत होती. तिला दिसत होती सायकल. म्हणजे केवड्याचीच.

केवड्याचं_पान
नाही मिळाली. मामेभावाने विकली आणि क्रिकेटचं किट घेतलं. तिला सांग, पहिल्या पगारात मी नवी घेतली होती. लाल.

निवृत्त_मास्तरीण
मी सहसा फक्त वाचते, लिहीत नाही. सांगलीला असते. वय ६४. पण कैरीपन्हं यांनी सुरुवातीला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर अजून कोणी सरळ दिलेलं नाही, म्हणून लिहिते.

नातीने तिच्या टॅबवर हे पुस्तक उघडून दिलं होतं, तिला वाटलं मी दोन पानांत कंटाळेन. मला पोरगंच दिसलं. तोच तो, तोंड पाडून बसणारा. आई आली की मी पानं उलटत होते. का सांगू का, दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण नऊ वर्षं काढलं, शाळेत चौतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली. आजारी सुझॅना दिसली की मला औषधाच्या वेळा आठवतात. ते सगळं करून झालंय, आता पुस्तकात पण तेच कशाला करू? तुम्ही सगळ्या चाळिशीतल्या आहात, अजून आईच्या ड्यूटीवर आहात म्हणून तुम्हाला आई दिसते. ड्यूटी संपली की पोरगं परत दिसायला लागतं. घाबरू नका.

आमच्या वेळी अशी पुस्तकं नव्हती. फास्टर फेणे होता, त्याला पोरींशी बोलायला फुरसत नव्हती. तिथून एकदम 'ययाति'. मधलं काही मिळालंच नाही वाचायला. ते आता वाचतेय.

चहाटळ
मास्तरीणबाई, दंडवत.

सोनचाफा
बाई!!! किंडल उघडं ठेवून वाचणार आता मी लोकलमध्ये.

टोणगा
मी पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मागे घेतो. एकच.

पाटलीणबाई
बाई, कॉनरॅड का पण? धाकटा हसरा आहे की.

निवृत्त_मास्तरीण
हसऱ्याशी लग्न केलं होतं. चाळीस वर्षं हसतायत. एखादा दिवस गप्प बसणारा बघू दे.

कैरीपन्हं
बाई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्री पहिला भाग पुन्हा काढला आणि मुद्दाम मुलांची पानं सावकाश वाचली. तो थोरला अगदीच वाईट नाहीये. एवढंच कबूल करते, यापुढे विचारू नका.

आता दुसरा भाग हवाय. लेक तिची प्रत देत नाहीये, म्हणते तू पानावर वरणाचे डाग पाडतेस. काउंटीच्या वाचनालयात होल्डला टाकलंय, माझा नंबर चौदावा. उन्हाळा संपेपर्यंत येईल का कोण जाणे.

जर्सीकर_बंड्या
मिडलसेक्स काउंटी का?

कैरीपन्हं
हो! तुम्हाला कसं कळलं?

जर्सीकर_बंड्या
माझा तेरावा आहे. बायकोसाठी.